मानशीचं बटण

रायबंदरला, चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या,
तीन खुर्च्या, एक राउटर,
आणि आमचा खेळ: खाजन.
बांध घाला, कोरगुट पेरा,
भरती आली की बटण दाबून मानस मिटा,
ओहोटीला उघडा.
चुकलात तर शेत खारं.
पहिल्या आठवड्यात अकरा हजार लोक
खारे झाले.

मग लिहून यायला लागलं.
भिकार. पैसे परत करा.
बनवणाऱ्याला त्याच बांधात पुरा.
हर्षाली मोठ्यानं वाचायची, आम्ही हसायचो.
शिव्यांना उत्तर द्यावं लागत नाही,
हे शिव्यांचं सुख.

त्यातच एक, कुर्ली७१ या नावानं, हळू आवाजातलं:
'खेळ आवडला. पाळी संपली की रोज खेळतो.
एक सांगू? मानशीला बटण नसतं.
भरतीचं पाणीच दार लोटतं,
ओहोटीचं पाणीच उघडतं.
माणसानं फक्त दार कुजू द्यायचं नसतं.
माझा बापूय चोडणच्या मानशीवर होता.
राग मानू नका.'

राग आलाच.
त्या बटणावर मी पाच महिने घालवले होते.
दाबलं की किंचित आत जायचं,
ओलं असल्यासारखं चमकायचं,
त्याच्या सावलीचा रंग तीनदा बदलला होता.
मी लिहिलं:
अभिप्रायाबद्दल आभार. नोंद घेतली आहे.
घेतली होतीच.
चारशे बारा नोंदींच्या खाली,
'कधीतरी' नावाच्या रकान्यात.

पण झोपताना ते दार
लोटलं जायचं. आपलं आपण.

शनिवारी अपोलिनारला घेऊन फेरीबोटीनं पलीकडे गेलो.
अमावास्या होती.
मानशीपाशी कुणीच नव्हतं, एक जाळंवाला सोडून,
तोही तोंडावर टोपी घेऊन आडवा.
साडेनऊच्या सुमाराला पाणी चढत आलं,
फळ्यांना टेकलं,
जरा थांबलं,
आणि दार मिटलं,
समजूत पटल्यावर माणूस गप्प होतो तसं.
अपोलिनार म्हणाला, 'आणि आपण याला बटण लावलं.'
आपण म्हणाला. मी नव्हे. त्याचे उपकार.

मी जाळंवाल्याला विचारलं,
'दार बंदच ठेवलं तर? कायमचं?
खारं यायलाच नको.'
टोपी न काढता तो म्हणाला,
'मग आतलं गोडं पाणी शेत कुजवतं.'

परतीच्या फेरीत मला आठवत राहिले
ते पाच पाच तारे, मी छापून भिंतीला लावलेले.

बटण काढलं.
हर्षालीनं दार कुजण्याचं गणित लिहिलं,
बांधात कुर्ल्यांची बिळं घातली.
बदलांच्या यादीत एक ओळ:
मानस आता आपली आपण चालते. दार तपासत राहा.
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात:
कुर्ली७१ यांच्या सांगण्यावरून.

चार हजार लोक निघून गेले.
'करायलाच काही उरलं नाही,' म्हणाले,
आणि तेही काही खोटं बोलत नव्हते.
बेंगळुरूहून पैसेवाल्याचा फोन आला,
तो चाळीस मिनिटं मी उभ्यानं ऐकला.
काही जण मात्र राहिले.
रात्री दोनला, काहीच न करता,
नुसतं दार मिटताना बघत बसायचे.

बारा दिवसांनी त्याचं उत्तर आलं.
नॉर्वेजवळ कुठंतरी होता, जहाजाच्या स्वयंपाकघरात,
नेट नव्हतं म्हणून उशीर.
'आता बरोबर.
फक्त आवाज चुकतो.
तुमचं दार कोरडं वाजतं.
भिजलेलं लाकूड असं वाजत नाही. ते
कसं ते मला लिहिता येत नाही.'

मी 'आभार' टाइप केलं.
खोडलं.
रेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले आणि अपोलिनारला विचारलं,
चोडणची पहिली फेरी किती वाजता?